काकूंनी निवडलेला आर्बर

गल्लीत त्यांना सगळे 'भोकवाले काका' म्हणत. नवा माणूस हे नाव ऐकून हसायचा, पण त्यात थट्टा नव्हती. काकांनी आयुष्यभर खरोखरच तेवढंच केलं होतं: लोखंडाला भोकं पाडली. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये उभं ड्रिलिंग मशीन, आणि मशीनपुढे काका. वेल्डिंग शेजारी व्हायचं, लेथ पलीकडच्या रस्त्यावर होता, पण भोक पाडायचं म्हटलं की माणूस प्लेट काखोटीला मारून इथेच यायचा. "दुसरीकडे भोक पडतं," गल्लीतला पंपवाला म्हणायचा, "काकांकडे ते पाडतात."

काकू त्या शेडमध्ये यायच्या त्या फक्त चहा घेऊन. त्यांचं स्वतःचं काम छापखान्यात होतं, पुस्तकं बांधण्याचं. कागद घडी करायचे, शिवायचे, कडा एका रेषेत आणायच्या. छापखाना बंद पडला आणि त्यांची बोटं रिकामी झाली. घरातले धडके पडदे उसवून पुन्हा शिवून झाले, उशा पिंजून झाल्या. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, फोनवर ती म्हणायची, "आई, आता जरा बस की निवांत." काकूंना निवांत बसणं म्हणजे शिक्षा वाटायची.

त्यातच काकांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बशीत चहा सांडला की ते कपाला नावं ठेवायचे. मग मशीनमधल्या चकची, म्हणजे जबड्याची, किल्ली तिच्या जागी बसेना, दोन-दोनदा घसरायची. डॉक्टरांनी हात वळवून, वाकवून पाहिला आणि सांगितलं, "ह्याने जिवाला काही होत नाही. पण हा पाहुणा नाही, राहायलाच आलाय. फिरत्या मशीनजवळ मात्र आता जायचं नाही."

काकांनी मशीनवर चादर टाकली, शेडला कुलूप लावलं आणि खिडकीपाशी बसून राहिले. नळाखाली बादली लावली तर ती भरेपर्यंत तिच्याकडेच बघत बसत. कुणी प्लेट घेऊन आलं की आतूनच "बंद आहे" म्हणत. बोलका माणूस असा गप्प झाला की घर मोठं वाटायला लागतं. काकूंनी बरेच दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी त्यांनी कुलूप काढलं, शेडचा केर काढला, चादर झटकून घडी घातली आणि मशीन पुसायला घेतलं. खुडबूड ऐकून काका दारात आले.

"काय चाललंय?"

"तुम्ही सांगायचं, मी करायचं."

"काय करणार तू?"

"भोकं पाडणार. हात चालत नाहीत तुमचे, तोंड तर चालतं ना?"

कितीतरी दिवसांनी काका हसले. "अगं, भोक काय उंदीरही पाडतो. सरळ भोक पाडायला उमर जाते."

"मग आजच सुरुवात केलेली बरी. उमर काही फार शिल्लक नाही."

काकांनी स्टूल ओढलं. पण मशीन काही सुरू करू दिलं नाही. प्लग भिंतीतून काढायला लावला आणि पहिल्या दिवशी काकूंच्या हातात दिला तो आर्बर. अंगठ्याहून जाड, वीतभर लांब अशी पोलादी कांडी, दोन्ही टोकांना निमुळती. लांब निमुळतं टोक मशीनच्या फिरत्या दांड्यात, म्हणजे स्पिंडलमध्ये, खालून वर जातं. आखूड टोकावर चक बसतो, आणि चक बीट, म्हणजे भोक पाडणारं पातं, पकडतो.

काकूंनी ती कांडी उलटसुलट करून पाहिली. "हिला स्क्रू कुठे आहे?"

"नाही."

"मग धरून काय ठेवतं?"

"मिठी. एकात एक घातलेले दोन पेले कसे अडकून बसतात? तसं. वरच्या टोकाला ही चपटी शेपटी दिसते ना, लोकांना वाटतं हिच्या जोरावर फिरतं सगळं. शेपटी आहे ती काढताना पाचर टेकवायला. जोर मिठीचा. मिठी सैल पडून सगळा भार शेपटीवर आला, तर ती पिळवटून तुटते."

मग त्यांनी निवड कशी करायची ते सांगितलं, आणि तेही आपल्या पद्धतीने. "आर्बर म्हणजे सोयरीक जुळवणारा मधला माणूस. वरचं घर स्पिंडलचं, खालचं घर चकचं. दोन्ही घरं नीट बघायची. स्पिंडलचा टेपर, म्हणजे उतार, दोन नंबरचा की तीन? चकच्या अंगावर कोणता नंबर कोरलाय? चकला आत टेपर आहे की आटे? हे सगळं जुळलं तरच पुढे बोलणी. 'जवळपास बसतोय' असं कुणी म्हणालं की उठून यायचं."

"आपल्या वेळी बघितलं होतं का कुणी एवढं?"

"आपलं जवळपासच होतं," काका म्हणाले. "ठोकून बसवलं."

पुढचे बरेच दिवस काकू नुसत्या पुसत होत्या. कोरडं, धागे न सुटणारं फडकं घ्यायचं, आर्बर पुसायचा, बोटाला फडकं गुंडाळून स्पिंडलचं आतलं अंग पुसायचं. तेलाचा ओघळ नको, लोखंडाचा कण नको. एक कण मध्ये राहिला तरी मिठी अर्धी होते. चकचे जबडे पूर्ण आत घ्यायचे, मग आर्बर वर ढकलून चकखाली लाकडाचा ठोकळा धरून एक नेमका ठोका द्यायचा. काढताना टेबलावर आधी फळी टाकायची, म्हणजे चक निसटला तरी लाकडावर पडेल. मग स्पिंडलच्या खाचेत पाचर घालून हलकेच मारायचं. आणि दोघांची मिठी खरी की खोटी ते पाहायला आर्बरवर खडूच्या उभ्या रेघा ओढायच्या, आत घालून किंचित फिरवायचा, बाहेर काढायचा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या असल्या तर ठीक.

पुस्तकांच्या कडा जुळवणाऱ्या बोटांना हे काम आवडलं. केस घट्ट बांधून वर रुमाल, बाह्या कोपरापर्यंत, डोळ्यांवर चष्मा, हातात बांगड्या नाहीत, फिरत्या मशीनमध्ये अडकतील म्हणून हातमोजेसुद्धा नाहीत, अशा अवतारात काकू मशीनपुढे उभ्या राहिल्या तेव्हा काका म्हणाले, "आता दिसतेस कामाची." सरावाच्या पट्ट्यांवरची पहिली भोकं वाकडी झाली, दोन बीटं मोडली. मग हळूहळू हात बसला. पंपवाल्याने पहिल्यांदा बाईमाणूस मशीनवर पाहून प्लेट देताना जरा का-कू केलं. प्लेट परत घेताना त्याने भोकातून बोल्ट घालून पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "काकू, उद्या अजून आणतो."

शेडमध्ये एका खिळ्यावर कापडात गुंडाळून एक जुना आर्बर ठेवलेला असे. काकांना ज्या उस्तादांनी काम शिकवलं, त्यांनी काम सोडताना तो दिला होता. जाड कामाला काका तोच लावत. काकू तो पुसायला लागल्या की त्यांच्या नखाला एका जागी काहीतरी अडायचं. एकदा त्यांनी सांगितलंही, "अहो, ह्याच्या अंगावर ओरखडा आहे. खोल आहे."

"असू दे. तू जन्मली नसशील तेव्हापासून चालतोय तो."

"मी जन्मले होते तेव्हा."

"बरं, रांगत असशील. त्याला काही होत नाही."

काकू पुढे पुसत राहिल्या. मशीन त्यांचं नव्हतं, आर्बर तर त्याहून नव्हता. छापखान्यातही मालकाच्या कात्रीला त्या कधी बोट लावत नसत.

मग पंपवाल्याने मोठं काम आणलं. पंप बसवायच्या जाड पोलादी प्लेटा, प्रत्येकीला चार मोठी भोकं. काकांनी स्टुलावरून सांगितलं, "उस्तादांचा लाव." काकूंनी तो पुसला, बसवला, ठोका दिला. प्लेट टेबलाला पक्क्या पट्ट्यांनी आवळली, वेग कमी केला, बीट गार ठेवायला त्यावर कूलंटची धार सोडली. पहिली प्लेट झाली. दुसरीचं तिसरं भोक चालू होतं. बीट प्लेटच्या तळातून बाहेर पडायला लागलं की ते एकदम लोखंडात रुततं आणि स्वतःलाच खाली खेचतं, ही नाजूक वेळ. काकूंनी बीट खाली आणायचा हातातला दांडा सावकाश ओढायचा प्रयत्न केला. पण बीट रुतलं, वर किर्र असा आवाज झाला, आणि आर्बर स्पिंडलमधून सुटला.

चक, बीट आणि आर्बर असं सगळं मिळून फिरतफिरत खाली आलं, प्लेटवर आदळलं, टेबलाच्या कडेकडे उसळलं. काका स्टुलावरून उठले होते आणि त्यांचा थरथरता हात त्या फिरत्या लोखंडाकडे निघाला होता. पडणारी वस्तू झेलायला माणसाचा हात जातो तसाच.

"हात मागे!" काकू ओरडल्या. एका तळव्याने त्यांनी लाल बटण दाबलं आणि दुसऱ्याने काकांच्या छातीवर असा धक्का दिला की ते पुन्हा स्टुलावर बसले. चक जमिनीवर पडला, गोल फिरत भिंतीपर्यंत गेला आणि थांबला. वर रिकामं स्पिंडल अजून थोडं फिरत होतं.

कुणाला काही झालं नव्हतं. काकूंच्या दंडाला फक्त खरचटलं होतं. त्यांनी प्लग काढला, काकांना पाणी दिलं, स्वतः घेतलं.  त्या दिवशी घरात दोघांचेही हात थरथरत होते.

"फीड जास्त दिलंस, दांडा जोरात ओढलास," काका म्हणाले.

  लोखंडापेक्षा काकूंना हे वाक्य जास्त लागलं होतं. आपण जोर दिला नव्हता, ही खात्री होती. पण चाळीसेक वर्षं मशीनपुढे काढलेला माणूस म्हणतोय, तर आपलीच खात्री खोटी की काय, असं वाटून त्या भांडी घासताना एकच ताट पुन्हा पुन्हा घासत राहिल्या.

सकाळी उजाडल्यावर त्या शेडमध्ये गेल्या. उस्तादांचा आर्बर कोरडा पुसला, त्यावर खडूच्या रेघा ओढल्या, स्पिंडलमध्ये घालून किंचित फिरवला आणि काढला. मग चहाच्या कपाशेजारी काकांपुढे ठेवला. रेघा फक्त वरच्या टोकाला, बोटभर जागेत पुसल्या होत्या. खाली त्या जशाच्या तशा पांढऱ्या होत्या. एवढ्याशा मिठीवर तो इतका भार पेलत होता.

 काकांनी आर्बर हातात घेतला तर खडू त्यांच्या थरथरत्या बोटांना लागला.

"मला माहीत होतं हा सैल झालाय," ते म्हणाले. "आजचं नाही, किती वर्षांचं. बीट बाहेर पडायच्या आधी हातातल्या दांड्याला एक कंप येतो. तो आला की माझा हात आपोआप ढिला पडायचा, बीट बिचकत बिचकत बाहेर यायचं. आर्बरची कसर मी हाताने भरून काढत होतो. इतकी वर्षं काढली की ती कसर आहे हेच विसरलो." त्यांनी आर्बर खाली ठेवला. "माझा हात तुझ्याकडे कुठून येणार? तू फीड जास्त दिलं नव्हतंस."

काकू म्हणाल्या, "चहा निवतोय." एवढंच. पण त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं ते काकांना दिसलं.

उस्तादांचा आर्बर काकांनी स्वतःच भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला. काकू म्हणाल्या, आठवण म्हणून ठेवा की. "नको," ते म्हणाले, "हत्याराच्या जागी ठेवलेली आठवण कुणीतरी एक दिवस मशीनला लावतंच."

त्याच दुपारी दोघं हत्यारांच्या दुकानात गेले. काकूंच्या पिशवीत चक होता. दुकानदार काकांना जुना ओळखणारा, त्याने सवयीने त्यांच्याकडे पाहून विचारलं, "बोला, काय देऊ?"

"त्यांना विचारा," काका म्हणाले. "मशीन त्या चालवतात."

उभ्या आयुष्यात काकांनी बायकोला चारचौघांत 'त्या' म्हटलं नव्हतं. काकूंना हसू आलं, पण त्यांनी ते पिशवीतून चक काढता काढता लपवलं.

"स्पिंडल तीन नंबरचं आहे," त्या म्हणाल्या, "आणि चकवरचा नंबर हा बघा."

दुकानदाराने नंबर वाचला. मग एक चकचकीत आर्बर पुढे केला. "हा दोन नंबरचा घ्या. वरून स्लीव्ह, ही पोलादी नळी, चढवली की तीनमध्ये मस्त बसतो. सगळे हेच नेतात."

काकूंनी आर्बर आणि स्लीव्ह हातात घेऊन एकमेकांत घालून पाहिले. "बसेल. पण आर्बर स्लीव्हमध्ये, स्लीव्ह स्पिंडलमध्ये, म्हणजे एकाच्या जागी दोन जोड. मला एकाच जोडाचा दाखवा. जेवढे जोड कमी तेवढी भांडणं कमी."

"आमच्या घरी सांगा हे," दुकानदार म्हणाला आणि माळ्यावर चढला.

त्याने खाली आणलेल्यांतून काकूंनी एक निवडला. अंगावरून नख फिरवलं, उजेडाकडे धरून सरळ आहे का पाहिलं, शेपटीच्या कडा तपासल्या. फार लांब होता तो बाजूला ठेवला, कारण चक जेवढा खाली लोंबेल तेवढा तो थरकतो. काका शेजारी उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि हे त्यांना सोपं जात नव्हतं हे काकूंना कळत होतं.

नवा आर्बर लगेच बसवता आला नाही. जुना सुटताना स्पिंडलच्या आत खरवडून गेला होता. ती खरवड काढायला लेथवाल्याकडून हाताने फिरवायचा टेपर रीमर आणला. काका सांगत गेले, "दाबू नकोस, नुसतं फिरव," आणि काकू फिरवत गेल्या. मग खडू लावला. रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या. पंपवाल्याच्या उरलेल्या प्लेटा झाल्या. नाजूक वेळ आली की काकूंचा हात आता आपणहून हलका व्हायचा, पण चांगला आर्बर असूनही काका म्हणायचे, "सवय असू दे. हत्यार चांगलं म्हणून हात आडमुठा करायचा नाही."

असं त्यांचं बरीच वर्षं चाललं. गल्लीने नाव बदललं. 'भोकवाले काका' मागे पडले आणि 'ड्रिलवाल्या काकू' पुढे आल्या. शेडमध्ये काकूंचा कडकपणा प्रसिद्ध झाला. प्लेट हाताने धरतो म्हणणाऱ्याला त्या बाहेर उभं करत. चकमध्ये किल्ली विसरून कुणी बटणाकडे हात नेला, तर गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याची धडगत नसे. काकांना पुढे स्टुलावर बसवेना, तेव्हा त्यांची कॉट दारापाशी सरकवली. ते पडल्या पडल्या आवाज ऐकत आणि आतून म्हणत, "बीट बोथट झालंय." काकू म्हणत, "कळलंय मला." आणि मग बीट बदलत. एका थंडीच्या दुपारी, मशीन चालू असताना, आतून काही म्हणणं आलं नाही. काकूंनी मशीन बंद करून डोकावलं. काका झोपल्यासारखेच दिसत होते.

लेक आली, रडली, आणि निघताना आईला घेऊनच गेली. "चार दिवस राहा," ती म्हणाली. तिच्या मनात कायमचं होतं, हे काकूंना ठाऊक होतं. तिथे सगळं चांगलं होतं. खोली हवेशीर, जावई मोकळा माणूस. बस चालवायचा आणि घरी आला की काहीतरी दुरुस्त करत बसायचा. एका रविवारी तो स्वयंपाकघरातल्या कपाटाला मोठं गोल भोक पाडायला बसला, सिंकचा पाइप न्यायचा होता. त्याने हातातल्या ड्रिलला डब्याच्या झाकणाएवढी गोल करवत लावली होती. ती फिरताना लटपटत होती.

"जरा थांबा हो," काकू म्हणाल्या. "प्लग काढा आधी."

जावयाने निमूटपणे प्लग काढला. काकूंनी करवत हलवून पाहिली. ही मोठी करवत त्याने लहान करवतींच्या बारीक आर्बरवर, मध्ये वायसर घालून आवळली होती.

"पेटीत ह्याच्याबरोबर अजून एक आर्बर आला असेल."

"आहे की. पण तो जाड आहे, म्हटलं हाही बसतोय."

"बसतोय खरा," काकू म्हणाल्या. "पण सुटला तर तुमच्या मनगटावर येईल."

त्यांनी जाड आर्बर काढला, करवत त्याच्या आट्यांवर चढवली, त्याच्या दोन्ही पिना करवतीच्या भोकांत बसल्या की नाही ते पाहिलं, मधलं बारीक बीट करवतीच्या दातांच्या पुढे आलंय ना ते पाहून त्याचा स्क्रू आवळला. मग दांडा ड्रिलच्या चकमध्ये घट्ट धरला, बाजूची मूठ लावून घेतली आणि केस बांधले. लेक दारात उभी राहून बघत होती. तिने आईला लहानपणापासून सुई चालवताना पाहिलं होतं; ड्रिल चालवताना नीट असं कधीच पाहिलं नव्हतं, सुट्टीला यायची ती धावतपळत. काकूंनी दोन्ही हातांनी ड्रिल धरलं, सुरू केलं, बारीक बीट आधी लाकडात गेलं, मग करवतीने गोल रेघ काढली आणि ती खोल होत गेली. शेवटी त्यांचा हात हलका झाला. फळीची गोल चकती निघाली. कड गुळगुळीत होती.

"बाथरूममध्ये पण एक पाडायचं आहे," लेक म्हणाली.

"पाडते की. आणि परवाच्या गाडीचं तिकीट काढ माझं. पंपवाल्याचा फोन आला होता सकाळी."

"आई, अगं, तिकडे एकटी—"

"एकटी कुठली? दिवसभर दारात रांग असते," काकू म्हणाल्या आणि टोपलीत भुसा गोळा करायला लागल्या.

 लेकीने केरसुणी आणली आणि आईच्या शेजारी खाली बसली.